गाडीतून उतरवलं, विमानावर चढवलं

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, दक्षिणेच्या टोकाला, चेरी ग्रोव्ह नावाचं एक चिमुकलं गाव आहे. 1920च्या दशकात तिथे बर्नार्ड पिटेनपोल नावाचा तरुण गाड्या दुरुस्त करायचा. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, आसपास विमानाचा कारखाना नव्हता. होतं ते गॅरेज, दोन-चार हौशी मित्र आणि उडण्याची खुमखुमी. खास विमानासाठी बनवलेलं इंजिन घ्यायचं तर खिशाला परवडणारं नव्हतं. मग हाताशी जे होतं तेच त्याने घेतलं. आधी फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन विमानावर चढवून पाहिलं. पुढे फोर्डने मॉडेल ए ही जास्त दमदार गाडी आणली, तेव्हा तिचं इंजिन उतरवलं आणि लाकूड, प्लायवूड व कापड यांच्या दोन आसनी विमानाच्या नाकावर बसवलं. या विमानाचं नाव एअर कॅम्पर.

त्याच सुमाराला ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ या मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांनी मोटारीची इंजिनं विमानाच्या कामाची नाहीत, असं मत छापलं होतं. पिटेनपोलने वाद घालण्यात शाई खर्च केली नाही. 1930 साली तो आणि त्याचा एक मित्र फोर्डची इंजिनं लावलेली दोन विमानं घेऊन थेट मिनियापोलिसला उतरले. संपादकमहाशयांनी विमानं डोळ्यांनी पाहिली आणि आपलं मत मागे घेतलं. एवढंच नव्हे, तर 1932च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये एअर कॅम्परचे आराखडे छापून आले. ते पुढे ठेवून घराच्या मागच्या शेडमध्ये, गोठ्यात, तळघरात विमानं जोडायला लोकांनी जी सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही.

घरी बांधलेलं विमान आणि त्यावर मोटारीचं इंजिन, हा या पुस्तकाचा विषय आहे. ऐकणाऱ्याला तो एकतर वेडेपणा वाटतो, नाहीतर ‘जुगाड’ म्हणून कौतुकाचा. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. वेडेपणा म्हणावा तर त्याला नव्वदहून जास्त वर्षांची परंपरा, कायद्याची चौकट आणि हजारो तासांच्या उड्डाणांचा अनुभव आहे. जुगाड म्हणावं तर जुगाडात चालून जाणारी ‘बघू पुढचं पुढे’ ही वृत्ती इथे पहिल्याच उड्डाणात अंगाशी येते. रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडता येतं. हवेत कड नसते.

आधी कायद्याचं पाहू, कारण पहिला प्रश्न हमखास तोच असतो: असं काहीही बनवून उडवायला परवानगी कशी मिळते? अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांसाठी वेगळा वर्ग आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेलं असावं, ही त्याची मूळ अट. बोलीत तिला ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. अशा विमानाला कारखान्यातल्या विमानासारखं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र ते भाड्याने प्रवासी नेऊ शकत नाही आणि आत बसणाऱ्याच्या नजरेत येईल अशा जागी ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द रंगवावा लागतो. या हौशी मंडळींची संघटना, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकीत सुरू केली. तिचा वार्षिक मेळा 1970 पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो, आणि जुलैअखेरचे ते दिवस म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांची आषाढी वारीच.

मोटारीचंच इंजिन का, याचं पहिलं उत्तर पैसा. लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टलसारख्या कंपनीचं नवं कोरं विमानाचं इंजिन चांगल्या मोठ्या मोटारीहून महाग पडतं. त्याचे सुटे भागही त्याच भावाचे, कारण ते थोड्या संख्येने बनतात आणि प्रत्येकामागे तपासणीच्या कागदांचं बाड असतं. मोटारीचं इंजिन लाखांनी बनतं. फोर्ड मॉडेल ए 48 लाखांहून जास्त खपली. फोक्सवॅगन बीटल 2003 साली बंद होईपर्यंत 2 कोटी 15 लाखांवर गेली. एवढ्या संख्येने बनलेल्या यंत्राचे दोष रस्त्यावरच उघडे पडून दुरुस्त झालेले असतात आणि त्याचे पिस्टन, गॅस्केट, बेअरिंग भंगारातही मिळतात.

दुसरं कारण इंधनाचं. विमानांच्या पिस्टन इंजिनांसाठीचं सर्वाधिक प्रचारातलं पेट्रोल, ज्याला 100एलएल म्हणतात, त्यात अजूनही शिसं असतं. ते हटवण्याची मुदत अमेरिकेने 2030च्या अखेरीपर्यंत ठेवली आहे. मोटारीचं इंजिन पंपावरच्या शिसेविरहित पेट्रोलवर चालतं. तिसऱ्या कारणाची किंमत पैशात होत नाही. पिटेनपोलसारख्या माणसाला मोटारीचं इंजिन आतून माहीत असतं, आणि ज्याच्या जिवावर उडायचं ते आपण स्वतः उघडून, पुसून, जोडून बसवलेलं असावं, हे त्याला मनापासून हवं असतं.

आता अडचणीकडे. मोटारीचं आणि विमानाचं इंजिन आतून एकाच जातीचं असतं: सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह. फरक कामाचा आहे. गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने धावते, तेव्हा इंजिन आपल्या पूर्ण ताकदीचा पाव हिस्साही वापरत नाही. पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना किंवा घाट चढताना, आणि तोही थोडा वेळ. सिग्नलला तर ते नुसतं गुरगुरत असतं. विमानाचं इंजिन मात्र धावपट्टीवर पूर्ण ताकद लावतं, वर चढेपर्यंत तशीच ठेवतं आणि नंतर तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालतं. रोज खंडाळ्याचा घाट चढायचा, उतार कधी लागणारच नाही, अशी ही नोकरी. विमानासाठी म्हणून घडवलेलं लायकमिंग ओ-360 हे 180 हॉर्सपॉवरचं इंजिन अशी नोकरी 2,000 तास करून मगच ओव्हरहॉलला येतं.

याहून नाजूक भानगड फेऱ्यांची आहे. सहा फूट लांबीचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, मिनिटाला 2,700 फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण 260 मीटर होतो. आवाजाचा वेग 340च्या आसपास. पंख्याचं टोक त्या वेगाला भिडलं की ताकद ओढण्याऐवजी कर्कश गोंगाटात जाते. म्हणून लायकमिंगसारखी इंजिनं मोठ्या आकाराची पण सावकाश फिरणारी केलेली असतात. आजच्या मोटारीचं छोटं इंजिन आपली खरी ताकद 5,000 ते 6,000 फेऱ्यांवर देतं. त्याला तोच पंखा थेट जोडला तर टोकाचा वेग आवाजाच्या दीडपट होईल. म्हणजे एकतर फेरे कमी ठेवून निम्मी ताकद सोडून द्यायची, नाहीतर मध्ये फेरे कमी करणारी यंत्रणा घालायची.

हा पेच विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंनी मोटार कंपन्यांना पत्रं लिहून इंजिन मागितलं होतं. हलकं आणि पुरेशा ताकदीचं कुणाकडेच मिळालं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत सुमारे 12 हॉर्सपॉवरचं इंजिन घडवलं. दोन पंखे फिरवायला चेन लावली आणि दातेचक्रांच्या हिशोबाने पंख्यांचे फेरे इंजिनाच्या जवळपास एक तृतीयांशावर आणले. 1903चं ते विमान सायकलवाल्यांचंच होतं.

या सगळ्यातून एक गोष्ट हळूहळू लक्षात येत जाते, आणि पुढच्या प्रकरणांचं सूत्रही तेच आहे. मोटारीची जी इंजिनं आकाशात टिकली, ती मुळातच विमानाच्या इंजिनासारखी वागणारी होती. त्यांना कमीत कमी बदलावं लागलं. जिथे बदल वाढले, तिथे त्रासही वाढला.

मॉडेल ए घ्या. 3.3 लिटरचं मोठं, जड, ओबडधोबड इंजिन आणि ताकद अवघी 40 हॉर्सपॉवर, पण ती मिळायची 2,200 फेऱ्यांवर. पंखा थेट क्रँकशाफ्टला लावायला हे अगदी सोयीचं. पिटेनपोलने इंजिन उलटं फिरवून बसवलं, फ्लायव्हील जोडायच्या टोकाला पंखा लावला आणि बॅटरी व डिस्ट्रिब्युटरच्या जागी मॅग्नेटो दिला. रेडिएटर इंजिनाच्या मागे, पुढच्या आसनासमोर उभा केला. त्यामुळे समोरचं दिसायला अडचण होते. एअर कॅम्पर उडवणारे मान बाजूला काढून पाहण्याची सवय लावून घेतात.

युद्धानंतर युरोपात फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आलं. समोरासमोर आडवे चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, हलकं. विमानाच्या छोट्या इंजिनांची ठेवणही हीच असल्याने बांधणाऱ्यांना ते जणू तयारच मिळालं. गाडीत इंजिन मागे बंद जागेत असतं, म्हणून त्याला वारा घालायला मोठा पंखा आणि पत्र्याचे नळ लागतात. विमानात ते नाकावर, भर वाऱ्यात. तो सगळा सरंजाम काढून टाकला की वजनही उतरलं. ड्रुइन टर्ब्युलंट, जोडेलचं एक आसनी डी-9, केन रँडची केआर मालिका, अलीकडचं सोनेक्स अशा कितीतरी लहान विमानांना याच इंजिनाने उडवलं. जर्मनीत लिम्बाख कंपनीने त्याच्यावरून रीतसर प्रमाणित इंजिन तयार केलं आणि ते मोटर-ग्लायडरवर बसलं. मर्यादा ताकदीची. पंखा आखूड ठेवून 3,300-3,400 फेऱ्यांवर जे मिळेल त्यात एक-दोन माणसांचं हलकं विमान भागतं, जास्त नाही.

तिसरं इंजिन शेव्हरोले कॉर्व्हेअरचं, आणि त्याची कहाणी मजेशीर आहे. 1960 ते 1969 या काळात विकली गेलेली ही अमेरिकन गाडी. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, आडवे सहा सिलिंडर. 1965 साली राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे गाजलेलं पुस्तक आलं आणि त्याचं पहिलंच प्रकरण या गाडीच्या डगमगत्या चालीवर होतं. गाडी बदनाम झाली. इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता. खुद्द पिटेनपोलने 1960च्या दशकात एअर कॅम्परवर फोर्ड काढून कॉर्व्हेअर चढवलं. पुढे विल्यम विन या फ्लोरिडाच्या मेकॅनिकने हे इंजिन विमानाला बसवण्याच्या अभ्यासात अनेक वर्षं घातली आणि इतरांसाठी त्याची पुस्तिका लिहिली. सुमारे 100 हॉर्सपॉवर, पंखा थेट जोडलेला. मात्र पंख्याचा भार क्रँकशाफ्ट वाकवतो, हे वेगवान विमानांवर काही क्रँकशाफ्ट मोडल्यावर कळलं. गाडीत क्रँकशाफ्टला नुसतं फिरवायचं असतं. विमानात त्याच्या टोकाला भोवऱ्यासारखा फिरणारा पंखा असतो, आणि विमान वळलं की तो भोवरा आडवा ओढतो. उपाय म्हणून पंख्यालगत आणखी एक बेअरिंग घालायची पद्धत रूढ झाली. मूळ चार बेअरिंगांच्या इंजिनाला ‘पाचवं बेअरिंग’ हा शब्द चिकटला तो तिथून.

ही झाली सरळमार्गी इंजिनं. 1980 नंतरच्या गाड्यांत तशी मिळेनाशी झाली, आणि दुसरा मार्ग वाढला: सुबारू ईए-81, सुझुकीची जी मालिका, होंडा. पाण्याने थंड होणारी, जास्त फेऱ्यांची, मध्ये फेरे कमी करणारा गिअर किंवा पट्टा लागणारी. यातली सुझुकी मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. मारुती जिप्सी आणि एस्टीम ज्या इंजिनावर पळाल्या, त्याच घराण्यातलं तीन सिलिंडरचं भावंड अमेरिकेत जिओ मेट्रो नावाच्या गाडीत होतं, आणि तिथल्या हलक्या विमानांवर ते बरंच उडलं.

या मार्गावरचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट म्हणजे क्रँकशाफ्टवर एक घाव. त्या घावाने पोलादाचा दांडा पिळतो आणि सुटतो. गाडीत हा पिळा क्लचच्या स्प्रिंगा, रबरी पॅड आणि टायर मुरवून घेतात. विमानात पुढे असतो जड पंखा, जो आपला वेग बदलायला राजी नसतो. मधल्या गिअरच्या दात्यांवर दोन्हीकडून हातोडे बसतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी टाचेचा रेटा दिला की तो चढत जातो, तसे ठरावीक फेऱ्यांवर हे हेलकावे वाढत जातात, आणि धडधाकट दिसणारा शाफ्ट एक दिवस तुटतो. इंजिनाची ताकद मोजणं सोपं असतं. हे हेलकावे कुठल्या फेऱ्यांवर येतील हे काढणं कठीण, आणि अनेक होतकरू गिअरबॉक्सांची वाट तिथेच लागली. स्टीव्ह विटमन या जुन्या रेसरने ही कटकटच टाळली: ओल्ड्समोबिलचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन त्याने उलटं टांगून, पंखा थेट लावून, आपल्या टेलविंड विमानात बसवलं.

मग पाणी. गाडीचा रेडिएटर गाडीच्या नाकात असतो आणि त्याला पंख्याची मदत असते. विमानाला तो सगळ्यात जास्त लागतो तो चढताना, म्हणजे ताकद पूर्ण आणि वेग कमी असताना. मोठा ठेवावा तर वाऱ्याला अडतो, लहान ठेवावा तर काटा लाल पट्ट्यात जातो. हवा आत कशी शिरेल यापेक्षा बाहेर कशी निघेल याचा विचार जास्त करावा लागतो, आणि नवख्याला ते हमखास उशिरा सुचतं.

मग वीज. विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि सगळ्या इंजिनाला मिळून दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. आधुनिक मोटारीचं इंजिन संगणकाच्या हुकमात असतं आणि विजेशिवाय एक क्षणही चालत नाही. त्या संगणकाला गाडीच्या मालकाचे हितसंबंध शिकवलेले असतात. इंजिन तापलं किंवा सेन्सर बिघडला की तो ताकद कापतो, म्हणजे इंजिन वाचेल. झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या वैमानिकाला नेमकं उलटं हवं असतं: इंजिन जळून गेलं तरी चालेल, पण आणखी दोन मिनिटं ताकद दे. म्हणून जाणकार बांधणारे गाडीचा संगणक काढून दुसरा बसवतात आणि सोबत राखीव बॅटरी ठेवतात.

इंधनाच्या नळ्यांचं वेगळंच. गरम इंजिनालगत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि काही रबरं व फायबर ग्लासच्या टाक्यांमधलं रेझिन खातं. अमेरिकेतले बांधणारे त्यामुळे इथेनॉल नसलेला पंप शोधत फिरतात. ज्या देशात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं, तिथल्या वाचकाला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळे प्रश्न हौशी लोकांपुरतेच आहेत, असं मानायचं कारण नाही. पोर्शेने 1980च्या दशकात आपल्या 911 गाडीच्या इंजिनावरून विमानाचं इंजिन तयार केलं, गिअरबॉक्स घातला, प्रमाणपत्र मिळवलं, मूनी कंपनीच्या विमानात ते बसलंही. पण धंदा जमला नाही आणि काही वर्षांत त्यांनी तो गुंडाळला. जर्मनीतल्या टीलर्टने मर्सिडीजच्या ए-क्लास गाडीचं डिझेल इंजिन घेतलं. कंपनी 2008 साली दिवाळखोरीत गेली, पण इंजिन उरलं. पुढे ते कॉन्टिनेन्टलच्या नावाने चालू राहिलं. ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रो इंजिननेही मर्सिडीजचंच दोन लिटरचं डिझेल उचललं. दोन्ही इंजिनं डायमंड कंपनीच्या विमानांवर बसतात, आणि ही विमानं महाराष्ट्राला नवी नाहीत: गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या संस्थेच्या ताफ्यात डायमंडचं दोन इंजिनांचं डीए-42 आहे. कारखान्याने, प्रमाणपत्रासह, मोठ्या भांडवलावर केलेलं हेच ते रूपांतर.

अपयशांबद्दल या पुस्तकात आडपडदा ठेवलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातांत इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन कारणं ठळक दिसली, आणि बरेच अपघात विमान नवं असतानाच, पहिल्या काही उड्डाणांत झालेले आढळले. बर्ट रुटान यांच्यासारखा कल्पक रचनाकारही इथून माघारी वळला. त्यांच्या व्हेरीईझ विमानाचा पहिला नमुना 1975 साली फोक्सवॅगनच्या इंजिनावर उडाला. लोकांसाठी आराखडे आले तेव्हा त्यात कॉन्टिनेन्टलचं इंजिन होतं.

भारतात घरी विमान बांधणाऱ्यांची परंपरा क्षीण आहे, आणि मोटारीच्या इंजिनाची तर जवळपास नाहीच. तरी मुंबईतल्या कांदिवलीच्या एका इमारतीची गच्ची इथे विसरता येत नाही. तिथे कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. 2016च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, 2017 साली त्याला नोंदणी मिळाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाकं जमिनीवरून सुटली. बांधण्याइतकीच वर्षं कागदांना लागली. अमेरिकेतला गॅरेजवाला ज्या नियमाच्या आधारावर निवांत कामाला लागतो, तो आधार इथे तेव्हा घडत होता.

पुढची प्रकरणं इंजिनांच्या क्रमाने लावलेली आहेत: आधी थेट जोडणीची, मग गिअरची, शेवटी डिझेल. प्रत्येक ठिकाणी गाडीतून काय काढलं, काय ठेवलं, काय नव्याने घडवलं आणि कुठे काय मोडलं, हे सांगितलं आहे. हे वाचून कुणी लगेच विमान बांधायला घेईल, अशी अपेक्षा नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजात टेबलावर काढून ठेवलेलं इंजिन दिसलं की त्याचं क्रँकशाफ्ट किती बेअरिंगवर बसलंय हे बघायला वाचक क्षणभर थांबला, तरी भागलं.

एक नियम जाता जाता. अमेरिकेत नव्या हौशी विमानाला आधी ठरवून दिलेल्या हद्दीतच घिरट्या घालून स्वतःला सिद्ध करावं लागतं. प्रमाणित इंजिन आणि त्याला साजेसा प्रमाणित पंखा असेल तर साधारणपणे 25 तास, आणि नसेल, म्हणजे इंजिन गाडीचं असेल, तर 40. त्या तासांत हौसेखातर कुणाला सोबत बसवता येत नाही. वहीत प्रत्येक उड्डाणाचं तेलाचं तापमान, पाण्याचं तापमान, फेरे लिहायचे, खाली उतरून इंजिनावरचं आवरण, म्हणजे काउलिंग, उघडायचं, बोटाने तेलाचे ओघळ तपासायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना पुन्हा वर जायचं.